मोठी मोटार : गिऱ्हाइकाला हवे तरी काय?

कापडाचा गठ्ठा उलगडून, ताग्याचे काठ चाचपून आणि वाराची लांबी स्वतः मोजून मगच भाव बोलणारा आपला व्यापारी मोटारीच्या शोरूममध्ये गेला म्हणजे एकाएकी मुका होतो, असे आमच्या नेहमी पाहण्यात येते. समोरच्या जाळीचा झगमगाट, छताला बसविलेली काच, बोटाने चालणारा पडदा, एवढे पाहून तो बयाणा देऊन मोकळा होतो. मागच्या रांगेत आपल्या वृद्ध मातुःश्री कशा बसणार, हा प्रश्न त्याला गाडी दारी आल्यावर सुचतो. पंधरा-वीस लक्षांच्या, प्रसंगी त्याहून कितीतरी अधिक मोलाच्या या खरेदीविषयी स्मरणिकेच्या पानांवर चार शब्द लिहावेत, असे आम्हांस वाटले ते याच कारणासाठी.

ज्या गाड्यांना इंग्रजी आद्याक्षरांवरून 'एसयूव्ही' म्हणतात, त्यांपैकी सात माणसे घेणाऱ्या मोठ्या गाडीची आपल्या कुटुंबांत विशेष चहा आहे. आणि तिचे कारण निव्वळ ऐट नव्हे. एकत्र कुटुंब, आठवड्याच्या पेठा, गोव्याकडे जाताना लागणारा चोर्ल्याचा घाट, निपाणीजवळचे स्तवनिधी, कुंभोजचे बाहुबली, श्रवणबेळगोळची यात्रा, हे सारे एकाच वाहनाने निभवावे लागते. त्यातून मुनिसंघाच्या विहाराबरोबर चौका घेऊन जाणारी कुटुंबे असतात. मुनिमहाराज पायी, परंतु भांडी, शेगडी, शोधलेले धान्य आणि चार श्राविका गाडीत. अशा वेळी गाडीचा खरा कस लागतो तो तिसऱ्या रांगेत आणि डिकीत.

ही तिसरी रांगच या जातीच्या गाड्यांचे जुने दुखणे होय. यांचे मूळ घर अमेरिका. शेव्हरोले कंपनीने १९३५ साली मालमोटारीच्या चासीवर आठ माणसांची बंद गाडी उभारली आणि तिला 'सबर्बन' हे नाव दिले. ते नाव आजही चालू आहे. पण मालमोटारीची चासी आली म्हणजे तिच्याबरोबर मागचा अखंड आडवा आसही आला. तो खड्ड्यांत वरखाली व्हावयाचा, म्हणून त्याच्या वरची जमीन उंच ठेवावी लागते. जमीन उंच झाली की बसणाऱ्याचे गुडघे हनुवटीकडे येतात. सबर्बनची धाकटी बहीण 'टाहो' हिच्या मागच्या रांगेत पाय ठेवावयास पंचवीस इंचही जागा नव्हती. गिऱ्हाईक वर्षानुवर्षे कुरकुरत होते. शेवटी २०२१ च्या नव्या बांधणीत कंपनीने अखंड आस काढून दोन्ही चाके स्वतंत्रपणे हलतील अशी रचना केली, पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर सुमारे पाच इंचांनी वाढविले, आणि तीच जागा ३४.९ इंचांवर नेली. प्रतिस्पर्धी फोर्ड कंपनीने आपल्या 'एक्सपिडिशन' गाडीत मागची स्वतंत्र रचना २००३ सालच्या बांधणीतच आणलेली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे गिऱ्हाइकाचे म्हणणे कारखान्याच्या कानी पोहोचावयास किती काळ लागतो हे कळते.

याच्या उलट उदाहरण टोयोटा कंपनीच्या 'सिकोइया' गाडीचे. तिची २०२३ ची बांधणी पेट्रोल आणि वीज यांच्या जोडशक्तीवर चालणारी, ४३७ अश्वशक्तीची. इंधन वाचावे ही मागणी रास्त होती, आणि जुन्या आठ नळकांड्यांच्या इंजिनापेक्षा ते वाचलेही. परंतु बॅटरी ठेवली कोठे? तर तिसऱ्या रांगेच्या खाली! परिणामी ती रांग जमिनीशी सपाट दुमडेना आणि सामानाची जागा अडली. शिवाय पूर्वीच्या बांधणीतील मागची स्वतंत्र रचना सोडून अखंड आस पुन्हा आणला गेला. एक मागणी पुरी करताना दुसरी गिळली गेली. नवी बांधणी म्हणजे सर्वच अंगांनी सुधारणा, अशा समजुतीत राहणाऱ्याने हे उदाहरण जवळ ठेवावे.

आता आपल्याकडे वळू. महिंद्रा कंपनीने २००२ साली 'स्कॉर्पिओ' बाजारात आणली आणि पुढील वीस वर्षांत ती आमदारापासून अडत्यापर्यंत सर्वांच्या दारी उभी राहिली. तिचे नवे रूप 'स्कॉर्पिओ-एन' या नावाने २७ जून २०२२ रोजी प्रसिद्ध झाले. ३० जुलै रोजी नोंदणी उघडली, तेव्हा अर्ध्या तासाच्या आत एक लक्ष मागण्या नोंदल्या गेल्या. एवढ्या घाईने तर आपल्या पेठेत दिवाळीची साखरही विकली गेली नसेल! पुढे कित्येकांना गाडीची वाट पाहत दीर्घ काळ काढावा लागला, ती गोष्ट निराळी.

या गिऱ्हाइकांना हवे काय होते? आमच्या मते, जुन्या गाडीचा कणखरपणा हवा होता आणि तिचा हेलकावा नको होता. कंपनीने चासी ठेविली, पण मागील आसाची बांधणी सुधारून हेलकावा कमी केला, २.२ लिटरचे डिझेल इंजिन आणि २ लिटरचे पेट्रोल इंजिन असे दोन मार्ग दिले. जुन्या गाडीच्या काही प्रकारांत मागची आसने समोरासमोर, म्हणजे प्रवासाच्या दिशेला आडवी असत. घाटात तेथे बसलेल्या मुलांना हमखास मळमळ व्हावयाची. नव्या गाडीत सर्वांची तोंडे पुढे झाली. हे मोठेच काम झाले. मात्र तिसरी रांग उभी असता मागे सामानाला जागा अगदी थोडी राहते, आणि चौक्याची भांडी घेऊन निघणाऱ्या कुटुंबाने एक तर दोन माणसे नाहीतर दोन गाठोडी कमी करावीत, असा प्रसंग येतो. जुनी गाडीही 'क्लासिक' नावाने विक्रीस ठेविली गेली, यावरून गिऱ्हाइकांचा एक वर्ग नव्याला पुरता राजी नव्हता हे उघड आहे.

रुंदीचे तर कोणी बोलतच नाही. जुनी स्कॉर्पिओ १८२० मिलिमीटर रुंद, नवी १९१७. म्हणजे जवळजवळ चार इंचांची वाढ. कागदावर चार इंच काहीच नव्हेत. पण ज्यांची घरे जुन्या पेठेच्या बोळांत आहेत आणि ज्यांच्या वाड्याची कमान बैलगाडीच्या मापाने बांधली आहे, त्यांनी बयाणा देण्यापूर्वी टेप घेऊन कमान मोजावी. आरसे बाहेर काढलेले असता होणारी रुंदी आणखी निराळी असते.

'सफारी'ची कथा वेगळीच आहे. टाटांनी १९९८ साली काढलेली ही गाडी उंच, दणकट आणि थोडी अवखळ होती; भारतीय सेनेनेही २०१७ साली तिच्या 'स्टॉर्म' या अवताराची तीन हजारांवर गाड्यांची मागणी नोंदविली होती. पुढे ती बंद झाली. २०२० च्या प्रदर्शनात टाटांनी 'ग्रॅव्हिटास' नावाची सात आसनी गाडी दाखविली, आणि २०२१ मध्ये विक्रीला आणताना तिलाच 'सफारी' हे नाव दिले. या गाडीला वेगळी चासी नाही, आणि जोर केवळ पुढच्या दोन चाकांना. जुन्या सफारीचे भक्त रागावले. त्यांना चारही चाकांचा जोर हवा होता. परंतु आम्ही विचारतो, आपल्या सभासदांपैकी किती जण नदीच्या पात्रात गाडी घालतात? शेताच्या बांधावर आणि पावसाळ्यातील कच्च्या रस्त्यावर ज्यांचे नित्याचे काम आहे, त्यांनी चारचाकी जोराची गाडी अवश्य घ्यावी. महामार्गावरून कोल्हापूर-पुणे करणाऱ्यास तो जोर म्हणजे वजन आणि खर्च दोन्ही वाढविणारा बोजा होय. खेरीज चासीविरहित गाडीची जमीन खाली राहते, आणि लुगडे नेसलेल्या वृद्ध स्त्रीला चढणे-उतरणे त्या मानाने सुलभ जाते. पायरीची उंची शोरूममध्ये प्रत्यक्ष आजींना नेऊनच पाहावी. मुलाने 'ठीक आहे' म्हणणे येथे पुरावा धरता येत नाही.

आणि जीविताचा प्रश्न तर सर्वांत वरचा. गाडी मोठी म्हणून सुरक्षित, ही समजूत घातक आहे. २०१६ साली 'ग्लोबल एनकॅप' या संस्थेने हवेच्या पिशव्या नसलेल्या जुन्या स्कॉर्पिओची धडक-परीक्षा घेतली तेव्हा तिला एकही तारा मिळाला नाही. स्कॉर्पिओ-एनला २०२२ मध्ये प्रौढांच्या रक्षणासाठी पाच तारे मिळाले. बालकांच्या रक्षणासाठी मात्र तीन. सफारीच्या २०२३ च्या सुधारित रूपास दोन्ही परीक्षांत पाच तारे लाभले. जाहिरातीत 'पाच तारे' एवढेच मोठ्या अक्षरांत असते; ते कोणाच्या रक्षणाचे, हे नातवंडे असलेल्या घराने विचारून घ्यावे. तसेच बाजूच्या पडदेवजा पिशव्या तिसऱ्या रांगेपर्यंत पोहोचतात काय, आणि प्रत्येक आसनाला खांद्यावरून येणारा पट्टा आहे काय, हेही. मागे मुले बसतात आणि पट्टा नसतो, अशा गाड्या आम्ही लग्नसराईत डोळ्यांनी पाहतो.

हिशेबाचा भाग व्यापाऱ्याला सांगावयास नको, पण एक गैरसमज अजून आढळतो. दीड लिटरहून मोठे इंजिन, चार मीटरहून अधिक लांबी आणि किमान १७० मिलिमीटर जमीन-अंतर असलेल्या या गाड्यांवर पूर्वी २८ टक्के वस्तुसेवाकर आणि वर २२ टक्के उपकर, असा ५० टक्के भार होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर जाऊन ४० टक्के कर लागू झाला. म्हणजे करासह वीस लक्षांच्या गाडीत आजही सुमारे पाच लक्ष एक्काहत्तर हजार कराचेच होत. गाडी पेढीच्या नावे घेतली की हा कर वळता मिळतो, असे कित्येकांस वाटते. चालकासह तेरापर्यंत आसने असलेल्या प्रवासी वाहनावर, काही मोजके व्यवसाय सोडल्यास, तो मिळत नाही. प्राप्तिकरात पंधरा टक्के घसारा मिळतो, तोही धंद्यासाठी होणाऱ्या वापरापुरता. विजेच्या गाडीवर कर अवघा पाच टक्के आहे. महिंद्रांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये सात आसनांची विजेची गाडीही आणली आहे. पण सिकोइयाच्या बॅटरीची गोष्ट वर सांगितलीच आहे. तिसऱ्या रांगेत बसून गुडघे कोठे येतात ते आधी पाहावे.

डिझेलविषयीही सावधपणा हवा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दोन लिटर व त्याहून मोठ्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबविली, तेव्हा महिंद्रांना १.९९ लिटरचे इंजिन तातडीने आणावे लागले. ती बंदी ऑगस्ट २०१६ मध्ये एक टक्का आकार लावून उठली. इंदूर-ग्वाल्हेरकडील ज्या सभासदांचे दिल्लीला जाणे-येणे असते, त्यांनी तेथील नियम पाहूनच इंधन ठरवावे.

राहिला आसनांचा प्रश्न. महाग प्रकारांत आसनांवर गुळगुळीत आच्छादन असते. ते कृत्रिम की खऱ्या चामड्याचे, याविषयी विक्रेत्याच्या मुलाला बहुधा माहिती नसते. 'लेदर फिनिश आहे, शेठजी,' एवढे तो सांगतो. आसन कृत्रिम असूनही चाकाच्या मुठीला आणि गियरच्या दांड्याला खरे चामडे गुंडाळलेले असू शकते. व्होल्वो कंपनीने २०२१ साली आपल्या सर्व विजेच्या गाड्या चामड्याविना करण्याचे जाहीर केले, तेव्हा हे अशक्य नाही हे सिद्धच आहे. आपल्या घरी पायताणाविषयी जो विवेक पाळला जातो, तो मोटारीच्या आसनाविषयी का पाळू नये? ही विचारणा तोंडी न करता पत्राने करावी आणि कंपनीचे लेखी उत्तर नोंदणीच्या पावतीला जोडून ठेवावे. कापडी आसनांचा प्रकार मिळत असेल तर तो स्वस्तही पडतो, आणि उन्हाळ्यात अंगाला चिकटत नाही.