वाळू कोणाची, पाणी कोणाचं?
सांगली जिल्ह्याची दोन टोकं निराळी. पश्चिमेला शिराळा: सह्याद्रीचा पाऊस, वारणा, चांदोली धरण. खानापूर तालुक्यातली येरळा मात्र वर्षातला बराच काळ कोरडीच. तिच्या पात्रातली वाळू ठेकेदार उपसत, तशी काठच्या विहिरींची पातळी खोल जाई. गिरणी संपानंतर मुंबईहून गावी परतलेल्या कामगारांनी आणि शेतकऱ्यांनी १९८०च्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीतून हा प्रश्न हाती घेतला. वाळूवर गावाचा हक्क मागितला, थोडी वाळू स्वतः विकली आणि त्या पैशाच्या व श्रमदानाच्या आधारावर बलवडी-तांदुळवाडीजवळ बळीराजा स्मृती धरण उभारलं. अभियंता के. आर. दाते यांची तांत्रिक मदत होती.

खरी गंमत वाटपात आहे. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नसून कुटुंबाला आहे, भूमिहीनालाही वाटा आहे, असं तत्त्व ठरलं. एरवी ज्याची जमीन मोठी, त्याचं पाणी मोठं!

सामायिक संसाधन सरकारच्या किंवा खासगी मालकीवाचूनही टिकतं, हे दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. येरळाकाठचं धरण त्याआधीच बांधून झालं होतं.