ताईंचा पक्ष, ताईंचा कायदा

१२ ऑगस्ट १९७३ रोजी भाऊसाहेब बांदोडकर अचानक गेले आणि गोव्याचे मुख्यमंत्रिपद त्यांच्या थोरल्या मुलीकडे आले. शशिकला काकोडकर, म्हणजेच ताई, तेव्हा अडतीस वर्षांच्या होत्या. १९७२ साली डिचोलीतून निवडून आल्यावर वडिलांच्याच मंत्रिमंडळात त्या राज्यमंत्री झाल्या होत्या. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला, म्हणजे गोव्याच्या बोलीत ‘मगो’ला, दुसरे नाव सुचलेच नाही. बापाची गादी लेकीला मिळाली, असे लोक म्हणाले आणि ते खरेच होते. पण त्या गादीवर बसून ताईंनी काय केले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

मगो हा मुळात भाऊसाहेबांचा पक्ष. खाणमालक असूनही ते बहुजन समाजाचे होते आणि पोर्तुगीजांपासून मुक्तीनंतरच्या पहिल्याच निवडणुकीत, १९६३ साली, दुसऱ्याच्या जमिनीवर कसणाऱ्या-राहणाऱ्या कूळ-मुंडकारांनी सिंहाच्या निशाणीवर शिक्के मारून त्यांना सत्तेवर बसवले. गावोगावी मराठी शाळा निघाल्या. गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण हा पक्षाचा जन्महेतू होता. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोवेकरांनी तो ३४,०२१ मतांनी नाकारला. तरी पुढच्या काही आठवड्यांतच त्याच मतदारांनी मगोला पुन्हा निवडून दिले. महाराष्ट्रात याचे फार कमी जणांना आकलन झाले. लोकांना मुंबईची सत्ता नको होती, भाऊसाहेब हवे होते. पक्ष एका माणसावर उभा होता, हे त्याच दिवसांत स्पष्ट झाले. पुढच्या साऱ्या दुखण्यांचे मूळ तिथेच आहे.

ताईंच्या वाट्याला भाऊसाहेबांची लोकप्रियता आली, तसे त्यांचे एक अपुरे कामही आले. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण दिले होते, मालकी दिली नव्हती. १९७६ साली ताईंच्या सरकारने त्या कायद्यात पाचवी दुरुस्ती आणली आणि कूळ हाच जमिनीचा मालक मानला गेला. भाटकार, म्हणजे जमीनमालक, कोर्टात गेले. दुरुस्ती आधी रद्द ठरली. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली ती वैध ठरवली, तोवर ताईंचे सरकार जाऊन अकरा वर्षे लोटली होती.

मुंडकार कायद्याची गोष्ट याहून वेगळी आणि माझ्या मते अधिक मोठी. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर बांधून राहणारा. माडांची राखण करायची, बोलावले की कामाला जायचे आणि भाटकाराची मर्जी फिरली की चूल उचलायची. मत कोणाला द्यायचे हेही भाटकाराच्या चेहऱ्याकडे बघून ठरायचे. १९७५ च्या कायद्याने त्याला घरातून काढण्यावर बंदी आली आणि ते घर विकत घेण्याचा हक्क त्याला मिळाला. घर म्हणजे नुसत्या भिंती नव्हेत, हे कायद्याने मापासह लिहिले: पंचायत क्षेत्रात भिंतींपासून पाच मीटरपर्यंतची जागा, नाहीतर घर धरून तीनशे चौरस मीटर. विहिरीची वाट, परसातला फणस, गोठा, तुळस या सगळ्याला त्या पाच मीटरांत जागा झाली. वडिलांच्या भाषणांत जे होते ते लेकीने कलमांत बसवले.

चुकाही झाल्या. ट्रॉलर आल्याने रापणकारांचे, म्हणजे पारंपरिक जाळ्याने मासे धरणाऱ्यांचे, पोट मारले गेले, ते रस्त्यावर उतरले. बसभाड्यात निम्मी सवलत मागणारे विद्यार्थी १९७८-७९ साली रस्त्यावर आले. ज्या गरिबांच्या मतांवर हे सरकार उभे होते, त्यांच्याच मुलांशी ते झगडत बसले. याचे समर्थन मला करता येत नाही. १९७७ साली मगोला तीसपैकी पंधरा जागा मिळाल्या होत्या, अगदी निम्म्या. तीन आमदार फुटले आणि एप्रिल १९७९ मध्ये सरकार कोसळले. दुसऱ्या फळीचे नेते घडवावेत, तालुक्यातल्या कार्यकर्त्याला निर्णयात वाटा द्यावा, हे ना वडिलांनी केले होते, ना लेकीने केले. पुढच्या निवडणुकीत सात जागा उरल्या. मग ताई काँग्रेसमध्ये गेल्या, वडिलांच्या नावाने वेगळा पक्ष काढून पाहिला, तो चालला नाही, आणि त्या मगोत परतल्या.

पद गेल्यावरही त्यांचा एक आग्रह सुटला नाही. १९९० च्या आघाडी सरकारात शिक्षणमंत्री असताना त्यांनी प्राथमिक शाळांचे अनुदान मातृभाषेच्या माध्यमाशी जोडले. कोकणी असो वा मराठी, मुलाने आपल्या भाषेत शिकावे, ही त्यांची भूमिका. २०११ साली सरकारने इंग्रजी माध्यमाच्या शाळांना अनुदान देऊ केले, तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेल्या ताई भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या आघाडीवर उभ्या राहिल्या. २८ ऑक्टोबर २०१६ रोजी त्या गेल्या.

त्यांच्यानंतर गोव्यात एकही महिला मुख्यमंत्री झालेली नाही. मगो आता ढवळीकर बंधूंकडे आहे आणि २०२२ च्या विधानसभेत त्याला चाळीसपैकी दोन जागा मिळाल्या. मुंडकारांचे कित्येक दावे मात्र अजूनही मामलेदार कचेऱ्यांत पडून आहेत. ताईंचे नाव घेणाऱ्यांनी, आणि आज सत्तेत असलेल्यांनीही, ते दावे आधी निकाली काढावेत.