चाक बसले म्हणजे जुळले का?

बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव कशी चढवतात, हे भंडारा जिल्ह्यातील अनेक शिक्षकांनी पाहिले असेल. धाव मुद्दाम किंचित लहान घडवतात. तापवली की ती प्रसरण पावते, चाकावर बसते आणि निवताना आवळते. मोटारीच्या चाकाला ही सोय नाही. तेथे मापे आधीच जुळावी लागतात. मग विजेवरील मोटारीला दुसरी चाके घालताना काय तपासावे?

पहिले माप नटांच्या भोकांमधून जाणाऱ्या वर्तुळाच्या व्यासाचे. पाच भोके असल्यास समोरासमोर भोक येत नाही. अशा वेळी शेजारच्या दोन भोकांच्या केंद्रांमधील अंतराला १.७०१ ने गुणावे. अंतर ६३.५ मिमी असेल, तर व्यास १०८ मिमी येतो, ६७.२ मिमी असेल, तर ११४.३ मिमी. अंतरातला फरक ४ मिमीहूनही कमी. पण असे चाक जबरदस्तीने बसवल्यास नट तिरपे आवळले जातात आणि पुढे सैल होऊ शकतात.

दुसरे माप मधल्या भोकाचे. ते हबपेक्षा मोठे असेल, तर चाक केंद्रापासून किंचित सरकते व वेगात थरथरते. तिसरे म्हणजे ऑफसेट: रिमच्या रुंदीचा मध्य आणि हबला टेकणारा पृष्ठभाग यांमधील अंतर. हे बदलले की चाक आत किंवा बाहेर सरकते आणि ब्रेकला वा मडगार्डला घासू शकते.

चौथे, बाहेरचा व्यास. २०२० साली आलेल्या टाटा नेक्सॉन विजेवरील मोटारीच्या टायरवर २१५/६० आर १६ असे माप असे. टायरची रुंदी २१५ मिमी. उंची तिच्या ६० टक्के, म्हणजे १२९ मिमी. रिम १६ इंच, म्हणजे ४०६.४ मिमी. एकूण व्यास ४०६.४ + २ × १२९ = ६६४.४ मिमी. त्याऐवजी २१५/६० आर १७ घातला, तर व्यास सुमारे ३.८ टक्के वाढतो. वेगमापक ६० दाखवील, तेव्हा खरा वेग ६२ च्या वर असेल.

पाचवी गोष्ट भाराची. बॅटरीमुळे ही मोटार जड असते. टायरवरील ९५ हा भारांक ६९० किलो दर्शवतो, तर ९१ हा ६१५ किलो. मूळ टायरपेक्षा कमी भारांक घेऊ नये. रिमची भारक्षमताही पाहावी.

जॅक ठरलेल्या जागीच लावावा, कारण तळाशी बॅटरी असते. नट एकाआड एक, टॉर्क पान्याने, उत्पादकाने सांगितलेल्या बलाघूर्णापर्यंत आवळावेत. भंडारा ते नागपूर हे सुमारे ६० किमी अंतर गेल्यावर ते पुन्हा तपासावेत.

वर्गात १०८ मिमी व्यासाचे वर्तुळ काढून त्याचे पाच समान भाग करायला सांगा. केंद्राशी होणारा कोन ७२ अंशांचा. त्याच्या निम्म्याच्या, म्हणजे ३६ अंशांच्या साइनने १ ला भागले की १.७०१ मिळतात. सूत्र कोठून आले, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.