फोन कोणाच्या खिशात, पंप कोणाच्या पाठीवर?



आज औषधाचं नाव नाही, बाजारभावही नाही. आज आपल्या मोबाईलबद्दल बोलू. मेसेज लांब आहे, जेवण झाल्यावर निवांत वाचा. घरातल्यांना वाचून दाखवलात तर अजून चांगलं.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, नेट स्वस्त झालं आणि स्मार्टफोन घरोघरी पोचला. पण फोन घरात असणं वेगळं आणि शेतात राबणाऱ्याच्या हातात असणं वेगळं.

📊 *आकडे काय सांगतात?*
राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) प्रमाणे देशात १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांपैकी ५४ जणींकडेच स्वतः वापरायचा मोबाईल होता. खेड्यात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या बायका १०० त २५, पुरुष ४९. त्यानंतर आकडे वाढलेत, पण दरी बुजलेली नाही.

आता दुसरी बाजू बघा. केंद्राच्या २०२३-२४ च्या श्रमबल सर्वेक्षणात खेड्यातल्या काम करणाऱ्या १०० बायकांपैकी ७७ शेतीत होत्या, पुरुष मात्र ४९. म्हणजे जिथं शेतीचं काम जास्त, तिथंच फोन कमी.

🏭 *आपल्याकडे काय होतं?*
चऱ्होली बुद्रुक १९९७ पासून महापालिकेत, नदीपलीकडची चऱ्होली खुर्द खेड तालुक्यात. पण दोन्हीकडे घरची रीत एकच. पोरगा भोसरी नाहीतर चाकणला शिफ्टला, शेतावर आई-वडील आणि सूनबाई. सभासद फॉर्म पोराने भरला, म्हणून नंबर त्याचा. बऱ्याच कारखान्यांत फोन गेटवरच ठेवावा लागतो. सकाळी ७ ला आम्ही लिहितो, "धुकं आहे, कांद्यावर करपा बघा." तो मेसेज वाचतो शिफ्ट सुटल्यावर, तोवर दिवस गेला.

मग तो घरी फोनवर तोंडी सांगतो, "मँकोझेब २५ ग्रॅम टाका." पण ती मात्रा *१० लिटर* पाण्याची असते. आपला पंप १६ लिटरचा, म्हणजे लागतात ४० ग्रॅम. २५ च टाकले तर औषध कमी पडतं, करपा हटत नाही आणि दुसऱ्या फवारणीचा खर्च बसतो. दोष औषधाला दिला जातो, पण चूक झालेली असते निरोपात.

ई-पीक पाहणीचंही तेच. २०२१ पासून पिकाची नोंद आपणच फोनवरून करायची, तीही शेतात उभं राहून फोटो काढून. फोन चाकणला असेल तर नोंद कशी होणार?

📱 *कोण काय बघतं?*
तरुण मंडळी रील बघतात. वडीलधारे वाचत नाहीत, पण व्हिडिओ मन लावून ऐकतात. बायकांच्या हाती फोन येतो तो रात्री, भांडीकुंडी झाल्यावर, तोही पोरांनी सोडला तर. प्रत्येकाची सवय वेगळी, त्यात वाईट काही नाही.

फक्त शेतीचा व्हिडिओ बघताना एवढं तपासा: कुठल्या भागातला आहे, कुठल्या हंगामातला आहे आणि सांगणारा तेच औषध विकतोय का? मेसेजवर दोन बाण दिसले तर तो खूप जणांकडून फिरत आलाय, लगेच विश्वास ठेवू नका.

⚠️ *पैशाची गोष्ट*
"पीएम किसान" नावाची फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर आली आणि शेवटी *.एपीके* असेल तर उघडू नका, मग ती ओळखीच्या नंबरवरून आलेली का असेना. एकाचा फोन चोरांच्या ताब्यात गेला की त्याच्याच नावाने पुढे सगळ्यांना जाते. पैसे गेलेच तर लाजू नका, लगेच *१९३०* ला फोन लावा. जितका उशीर, तितकी रक्कम अडवणं अवघड.

✅ *या आठवड्यात एवढं करा*
१) आपल्या कंपनीचा नंबर सेव्ह करा. ब्रॉडकास्ट मेसेज नंबर सेव्ह असलेल्यालाच पोचतो. शेजारच्या सभासदाला "मेसेज येतात का?" म्हणून विचारा.
२) पोराचा नंबर राहू द्या, पण *शेतावर प्रत्यक्ष असणाऱ्याचा दुसरा नंबर* ऑफिसला द्या. आई, पत्नी, सून, कोणीही चालेल.
३) वाचायला अडचण असेल तर "आवाज" एवढंच लिहून पाठवा. सल्ला बोलून पाठवू.
४) मात्रा पुढे सांगायची तर तोंडी नको, मेसेजच पुढे पाठवा. पंप किती लिटरचा ते आधी बघा.
५) घरी साधा फोन असेल तर किसान कॉल सेंटर *१८००-१८०-१५५१*, सकाळी ६ ते रात्री १०, फुकट, मराठीत.

सल्ला बरोबर असून वेळेत योग्य हातात पडला नाही, तर पिकाला त्याचा उपयोग शून्य. दुसरा नंबर आठवणीने द्या.

– आपला कृषी सल्लागार,
शेतकरी उत्पादक कंपनी, चऱ्होली 🌱