मोरो रघुनाथ प्रकरण : अधिकारक्षेत्र व न्यायस्वातंत्र्य

मोरो रघुनाथ प्रकरणाचा निकाल न्यायालयाविरुद्ध लागला, म्हणून सरकारचें सर्वच वर्तन न्याय्य ठरलें, अशी समजूत पुष्कळदां आढळते. ती तपासून पाहणें अवश्य आहे. कारण या वादांत दोन भिन्न प्रश्न एकत्र गुंतलेले आहेत.

मुंबईचें सुप्रीम कोर्ट १८२४ सालीं सुरू झालें. तें राजाचें न्यायालय होय. मुलखांतील अदालती मात्र कंपनीच्या होत्या. पुण्यांतील मोरो रघुनाथ नामक अल्पवयी मुलास त्याचे आप्त पांडुरंग रामचंद्र यांनीं अडकवून ठेविलें आहे, अशा तक्रारीवरून १८२८ सालीं कोर्टानें हेबियस कॉर्पसचा हुकूम काढला. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं त्याची बजावणी होऊं दिली नाहीं. पुण्याच्या रहिवाशावर या कोर्टाचा अधिकार चालतो काय, हा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न याहून गंभीर आहे. ३ ऑक्टोबर १८२८ रोजीं माल्कम व त्यांचें कौन्सिल यांनीं थेट न्यायाधीशांस पत्र लिहून, असले हुकूम यापुढें जुमानले जाणार नाहींत, असें कळविलें. अधिकाराचा वाद सोडविण्याची जागा विलायतेंतील प्रिव्ही कौन्सिल ही होती. न्यायाधीशांस ताकीद देणें हा त्याचा मार्ग नव्हे. सर एडवर्ड वेस्ट ऑगस्टांत व सर चार्ल्स चेंबर्स ऑक्टोबरांत निवर्तले. एकटे उरलेले सर जॉन पीटर ग्रँट यांनीं एप्रिल १८२९ मध्यें कोर्टाचें कामच बंद केलें.

त्याच सालीं प्रिव्ही कौन्सिलनें पहिला प्रश्न कोर्टाविरुद्ध निकालांत काढला. दुसऱ्याचें उत्तर लॉर्ड एलेनबरो यांच्या पत्रांत सांपडतें. नव्या दोन न्यायाधीशांमध्यें ग्रँट यांची स्थिति दोन माणसाळलेल्या हत्तींमधील रानहत्तीसारखी होईल, असें त्यांनीं माल्कम यांस लिहिलें. न्यायाधीश कशासाठीं नेमावयाचे, याविषयींची राज्यकर्त्यांची दृष्टि यांत उघड दिसते.

१८६१ च्या कायद्यानें दोन्ही न्यायसंस्था एक होऊन १८६२ सालीं मुंबईचें हायकोर्ट उभें राहिलें. तथापि न्यायाधीशांचें पद राणीच्या मर्जीवरच ठेविलें गेलें. आज राज्यघटनेप्रमाणें संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या विशेष बहुमतावांचून न्यायाधीशास दूर करतां येत नाहीं.

न्यायव्यवस्थेच्या सुधारणेची चर्चा करणारांनीं हा भेद ध्यानीं धरावा. न्यायालयाचें क्षेत्र वाढवावें कीं घटवावें, हें कायद्यानें ठरवावें. न्यायाधीशास ताकीदपत्र मात्र कोणींही लिहूं नये. संग्राहकांसही विनंति इतकीच कीं, निकालपत्राशेजारीं हीं दोन पत्रेंही ठेवून वाचावीं.