घरून करायच्या नोकरीची फोनवरची मुलाखत

ग्राहकसेवेची घरून करायची नोकरी बहुतेक वेळा एका फोनने सुरू होते. कंपनी मुंबई-पुण्याची, उमेदवार लातूरचा किंवा सावंतवाडीचा, आणि दोघांची समोरासमोर गाठ कदाचित कधीच पडणार नसते. हे जमू लागले त्यामागे नियमांतला बदल आहे. पूर्वी कॉल सेंटरांना दूरसंचार विभागाकडे नोंदणी करावी लागे आणि कर्मचाऱ्याने घरी बसून ग्राहकांचे फोन घ्यायचे म्हटले की अटी आडव्या येत. नोव्हेंबर २०२० मध्ये विभागाने नोंदणीची अट काढून टाकली आणि घरून काम करायला मोकळीक दिली; जून २०२१ मध्ये नियम आणखी सैल झाले.

या पहिल्या फेरीला ‘टेलिफोनिक राउंड’ म्हणतात. एचआरमधली व्यक्ती पंधरा-वीस मिनिटे बोलते आणि पुढच्या फेरीला कोणाला पाठवायचे ते ठरवते. इतर नोकऱ्यांत फोन हे मुलाखतीचे नुसते साधन असते. व्हॉईस प्रोसेसमध्ये, म्हणजे ग्राहकांशी फोनवर बोलण्याच्या कामात, मात्र उमेदवार त्या पंधरा मिनिटांत जे करतो तेच त्याला पुढे रोज आठ तास करायचे असते. त्यामुळे उत्तरांइतकेच लक्ष आवाज स्पष्ट आहे का, लाइन टिकते का, मागून काय ऐकू येते याकडे असते. उमेदवार बहुतेक वेळ उत्तरे पाठ करण्यात घालवतात आणि हा भाग तसाच राहतो.

साध्या टेलिफोनवरून आवाज पूर्ण जात नाही. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पलीकडे पोहोचतो. माणूस ओळखू येतो, वाक्य कळते. पण ‘स’, ‘फ’ यांसारख्या ध्वनींची ओळख पटवणारा बराचसा भाग या पट्ट्याच्या वर असल्याने एस आणि एफ सारखेच ऐकू येतात. व्होल्टेवर, म्हणजे ४जी नेटवर्कवरून होणाऱ्या कॉलवर, आवाज ७००० हर्ट्झपर्यंत जाऊ शकतो, मात्र त्यासाठी दोन्हीकडचे फोन आणि मधले नेटवर्क तसे असावे लागते. कंपनीच्या लँडलाइनवरून कॉल आला तर बहुधा अरुंद पट्टाच वाट्याला येतो. म्हणून ईमेलचा पत्ता सांगताना ‘एस फॉर सोलापूर, एफ फॉर फ्रान्स, एन फॉर नाशिक’ असे सांगण्याची पद्धत आहे, आणि मोबाइल नंबर एका दमात न सांगता तुकड्यांत सांगायचा असतो. उमेदवाराने हे कोणी न सांगता केले, तर काम ठाऊक असल्याची खूण आपोआप पटते. स्पीकरफोनवर खोलीचा घुमारा येतो. ब्लूटूथ हेडसेटचा माइक चालू झाला की पुष्कळदा आवाजाचा दर्जा उतरतो. त्यापेक्षा वायरचे साधे इअरफोन बरे.

घरातली तयारी आदल्या दिवशी होते. रेंज कोणत्या खोलीत टिकते ते आधी दुसऱ्या कोणाला फोन लावून पाहावे. कंपनीचा कॉल पुष्कळदा अनोळखी नंबरवरून येतो. फोनमध्ये अनोळखी किंवा ‘स्पॅम’ कॉल परस्पर कापण्याची सोय चालू असेल तर मुलाखत सुरू होण्याआधीच संपते. पंखा कमी करणे, कॉल वेटिंग बंद ठेवणे, कुकरची वेळ सांभाळणे ही कामे किरकोळ असली तरी तीच ऐनवेळी राहून जातात.

‘बॅकअप काय आहे?’ हा प्रश्न जवळजवळ ठरलेलाच. ‘नेट चांगले आहे’ हे त्याचे उत्तर होत नाही. इंटरनेटवरच्या एका व्हॉईस कॉलला सेकंदाला सुमारे १०० किलोबिट पुरतात, त्यामुळे प्लॅन किती एमबीपीएसचा आहे यापेक्षा लाइन किती स्थिर आहे याला महत्त्व असते. बरेचसे राउटर १२ व्होल्टवर चालतात. छोट्या यूपीएसवर ते वीज गेल्यावरही काही काळ तग धरतात. फायबरचा मोडेम वेगळा असेल तर तोही त्याच यूपीएसवर हवा, नाहीतर वायफाय दिसते आणि नेट मात्र नसते. दुसऱ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट हा पुढचा आधार. पुण्यात गुरुवार हा महावितरणच्या देखभालीचा वार म्हणून लोकांना ठाऊक आहे. आपल्या भागात वीज कधी जाते हे सांगता येणारा उमेदवार भरवशाचा वाटतो.

बोलण्याच्या बाबतीत एमटीआय, म्हणजे बोलण्यावरची मातृभाषेची छाप, याची धास्ती गरजेपेक्षा जास्त असते. परदेशी हेल उसना आणण्यापेक्षा वेग कमी करून शब्द पूर्ण उच्चारणे अधिक उपयोगी पडते. ओळख ‘मायसेल्फ अमुकतमुक’ अशी न करता सरळ ‘आय ॲम’ने करावी आणि ती एका मिनिटात संपवावी. फोनवर समोर कागद ठेवता येतो, पण त्यावर मुद्दे असावेत. वाक्ये लिहिली की वाचल्यासारखी ऐकू येतात. विचार करायला वेळ हवा असेल तर तसे बोलून दाखवावे, कारण फोनवर गप्प बसले की लाइन तुटल्यासारखे वाटते. चिडलेल्या ग्राहकाचे सोंग घेऊन मुलाखत घेणारी व्यक्ती भांडू लागली, तर आधी पूर्ण ऐकून घ्यावे, तक्रार आपल्या शब्दांत परत सांगावी, मग काय करता येईल आणि केव्हा होईल ते सांगावे. नुसते ‘सॉरी’ पुन्हा पुन्हा म्हटल्याने काही साधत नाही.

शिफ्टचा हिशेब आधीच करून ठेवलेला बरा. न्यूयॉर्कचे नऊ ते पाच म्हणजे भारतात उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसहा ते रात्री अडीच. अमेरिकेतली घड्याळे नोव्हेंबरमध्ये मागे गेली की तीच शिफ्ट साडेसात ते साडेतीन होते. लंडनसाठी ती उन्हाळ्यात दुपारी दीड ते रात्री साडेनऊ आणि हिवाळ्यात अडीच ते साडेदहा अशी पडते. रात्री घरातले झोपलेले असताना फोनवर मोठ्याने बोलायचे कुठे, हे घरच्यांशी बोलल्याशिवाय ‘कोणतीही शिफ्ट चालेल’ म्हणणे धाडसाचे आहे.

पगाराच्या बोलण्यात सीटीसी, म्हणजे कंपनीला पडणारा एकूण खर्च, आणि इन हँड, म्हणजे हातात येणारा पगार, यांची गल्लत होते. सीटीसीमध्ये कंपनीने भरायचा पीएफ, म्हणजे सर्वसाधारणपणे मूळ पगाराच्या १२ टक्के, धरलेला असतो. ग्रॅच्युइटी आणि कधी कधी कामगिरीवरचा इन्सेन्टिव्हही त्यातच मोजतात. यातले ठरलेले किती, लॅपटॉप कोणाचा, इंटरनेटचे पैसे मिळतात का, हे विचारण्यात कमीपणा नाही.

घरून कामाच्या नावाखाली फसवणूकही फोनवरूनच चालते. नोंदणी, ट्रेनिंग किंवा लॅपटॉपचे डिपॉझिट म्हणून पैसे मागणारी, ओटीपी विचारणारी किंवा ‘तुमच्या खात्यात पैसे येतील, ते पुढे पाठवा’ असे काम देणारी ‘कंपनी’ नोकरी देत नसते. शेवटच्या प्रकारात तर उमेदवाराचे खाते चोरीच्या पैशासाठी वापरले जाते. कॉलनंतर ऑफर कोणत्या ईमेल पत्त्यावरून आली ते कंपनीच्या वेबसाइटवरच्या पत्त्याशी ताडून पाहावे आणि त्यानंतरच आधार, पॅनच्या प्रती पाठवाव्यात. पैसे गेलेच तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब कळवावे; रक्कम पुढच्या खात्यांत वळण्याआधी तक्रार पोहोचली तर ती गोठवता येण्याची शक्यता असते.