जुन्या मोटारींची रॅली : झळाळी आणि अस्सलपणा

जुन्या मोटारींच्या मिरवणुकीची रीत मूळची इंग्लंडची. १८९६ साली तिथे मोटारींची वेगमर्यादा ताशी १४ मैलांपर्यंत वाढवणारा कायदा झाला. त्या आनंदात १४ नोव्हेंबरला मोटारवाले लंडनहून ब्रायटनला निघाले. १९२७मध्ये हा प्रवास पुन्हा घडवून आणला गेला आणि पुढे त्याची परंपरा झाली. त्यात १९०५पूर्वी बनलेल्या गाड्यांनाच प्रवेश असतो. भारतात 'द स्टेट्समन' या वृत्तपत्राने १९६४मध्ये दिल्लीत रॅली सुरू केली. मुंबईत व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाच्या रॅलींमुळे हॉर्निमन सर्कलच्या परिसराला हे दृश्य परिचयाचे झाले.

अशा मेळ्यात संस्थानिकांच्या गाड्यांभोवती गर्दी जास्त. राजकोटची 'स्टार ऑफ इंडिया' ही १९३४ची रोल्स-रॉइस परदेशी गेली होती. राजघराण्याने ती परत मिळवली. कोल्हापूरकरांना मात्र राजवाड्यातली मेबॅक पाहायला प्रदर्शनाची वाट पाहावी लागत नाही. शाही दसऱ्याला ती दसरा चौकात येते.

गाड्यांची वर्गवारी सालानुसार होते. १९६६मध्ये स्थापन झालेल्या 'फिवा' या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या कोष्टकात १९१९ ते १९३० या काळातल्या गाड्या व्हिंटेज, १९३१ ते १९४५च्या पोस्ट-व्हिंटेज आणि त्यानंतर १९६०पर्यंतच्या युद्धोत्तर मानल्या जातात. परीक्षण त्याहून बारकाईचे असते. परीक्षक आधी बोनेट उघडायला सांगतो, चासीवर ठोकलेला नंबर कागदपत्रांशी ताडून पाहतो आणि मग दिवे, काटे, हॉर्न तपासतो. सहा व्होल्टच्या गाडीत बारा व्होल्टची बॅटरी सापडली, किंवा मूळ कापडी वेष्टणाच्या तारांच्या जागी प्लॅस्टिकच्या तारा दिसल्या, की गुण कमी होऊ शकतात.

मालकाचा अभिमान खरा दिसतो तो गाडी चालू करताना. हँडल मारण्याआधी स्टिअरिंगवरच्या दांडीने स्पार्क मागे घ्यावा लागतो. हँडल धरताना अंगठा त्याभोवती न गुंडाळता बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवतात, कारण स्पार्क वेळेआधी पडला तर हँडल उलटे फिरते आणि अंगठा मोडू शकतो. हे सारे मालकाने मिस्त्रीकडून शिकलेले असते. पितळी बुश लेथवर घडवणारा, कार्बुरेटर नुसत्या आवाजावरून लावणारा हा कारागीर बक्षीस समारंभात मात्र क्वचितच मंचावर दिसतो. त्याच्यापुढे आता इथेनॉलमिश्रित पेट्रोलची अडचण आहे. जुन्या गाड्यांतले नैसर्गिक रबराचे पाइप आणि कॉर्कची वायसरे त्याने फुगतात, गळू लागतात.

गाडी नव्यासारखी चकचकीत करावी, की तिचा मूळ रंग, विटलेले चामडे आणि ओरखडे जपावेत, हा या छंदातला जुना वाद आहे. गर्दीची पसंती झळाळीला मिळते. पण पुन्हा रंगवलेली गाडी पुन्हा रंगवता येते, कारखान्यातून आलेला पहिला रंग खरवडला की संपला. त्यामुळे जाणकार परीक्षक अलीकडे डागडुजी न केलेल्या गाड्यांचा वेगळा मान राखतात, आणि ते योग्यच आहे.

भारतीय कायद्याचा कलही त्याच बाजूला आहे. मोटार वाहन नियमांतल्या २०२१च्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली, चासी, सांगाडा आणि इंजिनात मोठा बदल न झालेली दुचाकी वा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीला २०,००० आणि पुनर्नोंदणीला ५,००० रुपये शुल्क आहे. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती अशा ठरावीक कामांपुरतीच अशी गाडी रस्त्यावर आणता येते; रोजचा किंवा धंद्याचा वापर चालत नाही.

या नियमाने संस्थानिकांच्या पलीकडच्या गाड्यांनाही दार उघडले. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्यात बनवलेली फियाट ११०० डिलाइट ही १९६०च्या दशकातली गाडी. तिलाच १९७४मध्ये प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्याने २००३मध्ये नोंदलेली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २०२३च्या ऑक्टोबरअखेर सेवेतून गेली. उरल्या त्या खासगी पद्मिनी; त्यांतल्या पहिल्या गाड्या आता पन्नाशी ओलांडत आहेत. रॅली भरवणाऱ्या क्लबांनी त्यांच्यासाठी स्वतंत्र गट ठेवावा आणि त्या गटाच्या बक्षिसावर मालकाबरोबर मिस्त्रीचेही नाव घालावे.